इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या पदवीसाठी ब्रिटनमध्ये अर्ज : स्टेटमेंटमध्ये नेमकं लिहायचं काय?

कागदी_होडी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये इंग्रजी भाषा आणि साहित्य या विषयात पदवी करायची असं ठरवलंय. घरच्यांचं मन वळवून झालं, यूकासवर (ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे अर्ज जिथून भरतात ती यंत्रणा) खातंही उघडलं. पाच विद्यापीठं निवडता येतात, त्यातली तीन नक्की आहेत : ऑक्सफर्ड, एडिंबरा आणि लँकेस्टर. ऑक्सफर्ड यादीत असल्यामुळे १५ ऑक्टोबरच्या आत अर्ज जायला हवा, आणि माझं घोडं अडलंय ते पर्सनल स्टेटमेंटपाशी, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या मजकुरापाशी.

आता तो एक सलग निबंध राहिलेला नाही, तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. हा विषय का निवडलात, आतापर्यंतच्या शिक्षणातून त्यासाठी काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर, स्पेस धरून.

पहिल्या उत्तराचा माझा मसुदा साधारण असा आहे : लहानपणापासून वाचनाची आवड, मग वाचलेल्या कादंबऱ्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे एकेक कौतुकाचं वाक्य, शेवटी साहित्य माणसाला समृद्ध करतं वगैरे. मैत्रिणीला आवडला. मला मात्र वाचताना सारखं वाटतं की हे कुणीही लिहिलेलं असू शकतं.

माझ्याकडे वक्तृत्वाची बक्षिसं नाहीत, माझं काही छापून आलेलं नाही. वाचन भरपूर आहे, तेवढंच. शिवाय 'भाषा आणि साहित्य' यातला भाषेचा भाग म्हणजे नक्की काय शिकवतात, तेही मला नीट कळलेलं नाही. कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

---

समासातल्या_नोंदी

हीच पदवी मी ब्रिटनमध्ये केली आणि आता शाळेच्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी शिकवते. दर पावसाळ्याच्या शेवटाला मुलांचे मसुदे हातात येतात, त्यामुळे तुझा मसुदा न बघताही बराचसा डोळ्यांपुढे आला. 'कुणीही लिहिलेलं असू शकतं' हे तुझं निदान अगदी बरोबर आहे. तोच धागा पकड.

आधी अर्ज कोण वाचतं ते बघ. ऑक्सफर्डमध्ये जे प्राध्यापक तुझा अर्ज वाचतात आणि मुलाखत घेतात, त्यांनाच पुढे तुला शिकवायचं असतं. ट्युटोरियल म्हणजे समोर एक प्राध्यापक, इकडे दोन-तीन विद्यार्थी, आणि मध्ये त्या आठवड्यात लिहिलेला निबंध. त्यामुळे अर्ज वाचताना त्यांच्या मनात प्रश्न एकच असतो : या मुलीशी एखाद्या कवितेवर तासभर बोलता येईल का? 'मला वाचनाची फार आवड आहे' हे वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तू कशी वाचतेस, कुठे थांबतेस, थांबल्यावर काय करतेस, हे दिसलं तर उत्तर मिळतं.

नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून एक उदाहरण देते. शेक्सपिअरची सुनीतं १६०९ साली पुस्तकरूपात छापली गेली. सुनीत म्हटलं की चौदा ओळी. पण १२६ वं सुनीत बाराच ओळींचं आहे, आणि त्याची यमकंही नेहमीसारखी नाहीत, दोन-दोन ओळींच्या जोड्या आहेत. त्या १६०९ च्या पुस्तकाची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. ती उघडून बघ. बाराव्या ओळीखाली, जिथे शेवटच्या दोन ओळी यायच्या, तिथे एकाखाली एक असे कंस छापले आहेत. आत काही नाही, नुसते कंस. ते कवीनं घातले की छापणाऱ्यानं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आता कवितेचा शेवट बघ. निसर्गानं या देखण्या तरुणाला काळाच्या तावडीतून आजवर वाचवून धरलंय, पण एक दिवस निसर्गालाही हिशेब द्यावा लागणार आणि याला देऊनच तो चुकता होणार, असा त्याचा भाव आहे. शब्दही सगळे जमाखर्चाचे. म्हणजे हिशेब चुकता झाला, आणि खाली दोन ओळींची जागा रिकामी. शिवाय त्या तरुणाला उद्देशून लिहिलेल्या सुनीतांच्या मालिकेतलं हे शेवटचं मानलं जातं.

समज, एका मुलानं लिहिलं की 'शेक्सपिअरची सुनीतं मला कालातीत वाटतात.' वाचणाऱ्याला त्या मुलाबद्दल काहीच कळलं नाही. दुसरीनं लिहिलं की 'कंस पाहिल्यावर मला ती छपाईची चूक वाटली. मग शेवटच्या ओळीतला हिशेब लक्षात आला आणि ते कंस कवितेचाच भाग वाटू लागले. पण संपादकानं ते गाळले तर कविता बदलते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.' इथे निरीक्षण आहे, त्याला आधार आहे आणि एक खरीखुरी शंका आहे. या मुलीशी तासभर बोलता येईल.

(हे उदाहरण उचलून वापरू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही, पण इथे इतरही वाचतात म्हणून लिहिते. यूकास प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या स्टेटमेंटशी ताडून पाहतं आणि साम्य आढळलं तर विद्यापीठांना कळवतं.)

तेव्हा कादंबऱ्यांची यादी काढून टाक. त्यातल्या दोन किंवा तीनच ठेव, ज्या वाचताना तू खरोखर अडलीस. काहीतरी खटकलं, जुळलं नाही, मागे जाऊन पुन्हा वाचावंसं वाटलं, अशा जागा. त्या आठवत नसतील तर आता पुन्हा वाच, हातात पेन्सिल घेऊन. भरपूर वाचलंय असं म्हणतेस ना, मग भांडवल तुझ्याकडे आहेच.

तिन्ही प्रश्नांना सारखी जागा द्यायची गरज नाही. प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरेक्टरचं हवं, एवढीच अट आहे. बाकीची वाटणी तुझी. या विषयासाठी मी मुलांना पहिल्या दोन उत्तरांवर भर द्यायला सांगते. दुसऱ्यात शाळेत केलेल्या एखाद्या निबंधाबद्दल लिही, इतिहास किंवा दुसरी भाषा शिकत असशील तर तिथल्या कुठल्या सवयी इथे कामी येतात ते लिही. तिसरं थोडक्यात आटोपलं तरी चालतं. बक्षिसं नाहीत म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. व्याख्यानं ऐकली असतील, नाटकाचा प्रयोग पाहून मग संहिता वाचली असेल, तर तेच लिही, आणि त्यातून वाचन कसं बदललं ते सांग.

एक लक्षात ठेव : पाचही विद्यापीठांना तेच एक स्टेटमेंट जातं. त्यामुळे कुठल्याही विद्यापीठाचं नाव त्यात घालायचं नाही. आणि तुझ्या पाचही जागा एकाच गोत्राच्या हव्यात. एका ठिकाणी इंग्रजी आणि दुसऱ्या ठिकाणी कायदा असं केलंस तर स्टेटमेंट ना धड इकडचं होतं ना तिकडचं.

भाषेच्या भागाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत, त्यांनी लिहावं. मी फक्त ऑक्सफर्डपुरतं सांगते, कारण मुलं इथेच बिचकतात. तिथे पहिल्याच वर्षी प्राचीन इंग्रजी असते. ती शेक्सपिअरची इंग्रजी नव्हे, त्याच्याही कित्येक शतकं आधीची, जी आजचा इंग्रजी भाषक शिकल्याशिवाय वाचूच शकत नाही. तिच्यात नामांना विभक्ती आहेत आणि तीन लिंगं आहेत. 'स्त्री' या अर्थाचा एक नेहमीचा शब्द चक्क नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीच मातृभाषा असलेल्या माझ्या वर्गमित्रांना दगडाला लिंग का असावं हे पचायला वेळ लागला. मराठी माणसाला तो दगड, ती वाट, ते झाड हे जन्मापासून माहीत असतं. तू बिचकू नकोस.

---

ध्वनिखूण

समासातल्या_नोंदी यांनी साहित्याची बाजू इतकी नेमकी मांडली आहे की मी फक्त भाषेबद्दल लिहितो. मी भाषाविज्ञानाचा माणूस.

'भाषा' या शब्दाखाली प्रत्येक विद्यापीठ वेगळं काही शिकवतं, आणि नुसत्या अभ्यासक्रमाच्या नावावरून ते कळत नाही. काही ठिकाणी भर भाषेच्या इतिहासावर असतो, काही ठिकाणी ध्वनी, वाक्यरचना, संभाषण, मुलं भाषा कशी शिकतात, यांवर. लँकेस्टर हे भाषाविज्ञानासाठी, विशेषतः कॉर्पस भाषाविज्ञानासाठी (भाषेच्या मोठमोठ्या संग्रहांत शोध घेऊन केलेला अभ्यास) नावाजलेलं आहे. ऑक्सफर्डचा इंग्रजीचा अभ्यासक्रम त्या मानानं साहित्याकडे झुकतो. म्हणजे तुमच्या यादीतली ही दोन नावं बरीच लांब लांबची आहेत. दोन्हींकडे एकच स्टेटमेंट जाणार असल्यामुळे भाषा आणि साहित्य यांचा सांधा त्यात दिसायलाच हवा.

सांधा म्हणजे काय, ते एका यमकातून सांगतो. अलेक्झांडर पोपच्या एका दीर्घकाव्याच्या १७१४ च्या आवृत्तीत राणी अ‍ॅनबद्दल दोन ओळी आहेत. तीन राज्यं जिची आज्ञा मानतात ती राणी कधी मसलत घेते तर कधी चहा, असा त्यांचा आशय. यमक जुळवलंय 'ओबे' (आज्ञा मानणे) आणि 'टी' (चहा) यांचं. आजच्या उच्चारात ते जुळतच नाही. पण पोप यमकाच्या बाबतीत अतिशय काटेकोर कवी, तो इतकं ढोबळ यमक चालवून घेईल का? त्या काळी 'टी' हा शब्द 'टे' असाही उच्चारला जात होता. एकदा हे कळलं की ओळी खटकन जागेवर बसतात, आणि मसलतीसारखी राजकारणातली जड गोष्ट आणि चहासारखी दिवाणखान्यातली हलकी गोष्ट एकाच क्रियापदाला टांगण्यातली गंमतही नीट ऐकू येते. उच्चाराचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय इथे कवितेचं वाचन पुरं होत नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी एक सुचवतो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह आहे, नव्वद टक्के लिखित आणि दहा टक्के बोली. इंटरनेटवरून त्यात शोध घेता येतो. तुमच्या आवडत्या कादंबरीत वारंवार येणारा एखादा शब्द घ्या, तो या संग्रहात कुणाच्या तोंडी, कशा सोबतीनं येतो ते बघा. दोन संध्याकाळी पुरतील. 'मी स्वतः शोधून पाहिलं आणि माझा अंदाज चुकीचा निघाला' असं वाक्य लिहिता आलं तर ते बक्षिसापेक्षा मोलाचं आहे.

---

कागदी_होडी

समासातल्या_नोंदी ताई, ध्वनिखूण सर, खूप खूप आभार. दोन्ही उत्तरं उतरवून घेतली आहेत.

यादी काढून टाकली. आता अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी' या इंग्रजी कवितासंग्रहावर लिहायचा विचार आहे. त्यातली बसवरची पहिली कविता मला आधीपासून आवडते. नवा परिच्छेद मराठीत सांगते :

'या संग्रहात परंपरा आणि आधुनिकता यांचा संघर्ष प्रभावीपणे व्यक्त झाला आहे. पहिल्या कवितेत बसच्या खिडक्यांवर ताडपत्री ओढलेली असल्यामुळे प्रवाशाला बाहेरचं काहीच दिसत नाही. समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात स्वतःचाच दुभंगलेला चेहरा तेवढा दिसतो. त्यामुळे हा प्रवास आधुनिक माणसाच्या परकेपणाचं प्रतीक बनतो.'

बरोबर वाटेवर आहे का? आणि इंग्रजी साहित्याच्या अर्जात भारतीय कवी घेतलेला चालेल ना? की शेक्सपिअर, मिल्टन असं काही हवंच?

---

समासातल्या_नोंदी

निवड उत्तम आहे. चालेल का म्हणून काय विचारतेस! 'जेजुरी' मूळ इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक आहे, १९७६ चं, आणि त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळालेला आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य म्हणजे फक्त इंग्लंडचं साहित्य असं आता कुणी मानत नाही. शिवाय कोलटकर मराठीतही तितक्याच ताकदीनं लिहिणारे कवी. तू त्यांना दोन्ही भाषांत वाचू शकतेस, हे तिथल्या बहुतेक अर्जदारांना जमणारं नाही. फक्त सगळं स्टेटमेंट त्यावर नको. दुसरं उदाहरण वेगळ्या काळातलं घे, म्हणजे पल्ला दिसेल.

आता परिच्छेदाकडे येऊ. तुझी चार वाक्यं दोन निरनिराळ्या जातींची आहेत. पहिलं आणि शेवटचं वाक्य शंभर कवितांबद्दल लिहिता येईल. मधली दोन, ताडपत्रीचं आणि चष्म्याचं, फक्त याच कवितेबद्दल लिहिता येतात. मधली ठेव, बाकीची दोन्ही काढ, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कवितेच्या आणखी जवळ जा.

कसं जायचं? ती कविता 'मी' म्हणत नाही, सुरुवातीपासून 'यू' म्हणते. म्हणजे प्रवास कवीचा, पण चेहरा दुभंगतो तो वाचणाऱ्याचा. कवीनं असं का केलं असेल? पुढे, तो चष्मा म्हाताऱ्याचा आहे. तो म्हातारा यात्रेला निघालाय, त्याला काय दिसतंय हे कविता सांगत नाही. आणि शेवटी प्रवासी बसमधून उतरतो, तेव्हा तो त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात मात्र शिरत नाही, असं कविता नकारानं सांगते. आपण शिरू असं कुणी म्हटलं होतं? मग हा नकार कुणाला उद्देशून आहे? यातला एकच प्रश्न घे, जो तुला सतावतो तो. 'परंपरा', 'आधुनिकता', 'परकेपणा' हे शब्द न वापरता लिहून बघ. अवघड जाईल, पण त्या शब्दांच्या आडोशाला बसलेलं तुझं खरं म्हणणं बाहेर येईल.

मुलाखतीतही हेच करायचं असतं. ऑक्सफर्डच्या मुलाखती डिसेंबरमध्ये असतात आणि ऑनलाइन होतात. तिथे तू कधीही न वाचलेली कविता किंवा गद्याचा उतारा देऊन त्यावर बोलायला सांगू शकतात. कवी कोण, साल कुठलं, हे ओळखायची परीक्षा नसते. तू एक मत मांडतेस, ते विचारतात 'पण तिसऱ्या कडव्यात तर उलट दिसतंय?', आणि तू पुन्हा ओळींकडे वळतेस. त्या वळण्याकडे त्यांचं लक्ष असतं. तिसरं कडवं वाचून मत बदललं तर खुशाल बदल, फक्त कशामुळे बदललं ते बोलून दाखव. नाही पटलं तर ओळीवर बोट ठेवून सांग की का पटलं नाही. सरावासाठी घरात कुणाला तरी रोज एक अनोळखी कविता निवडायला सांग, आणि दहा मिनिटं मोठ्यानं बोल. मनातल्या मनात केलेला सराव तिथे उपयोगी पडत नाही. आणि स्टेटमेंटमध्ये ज्याचं नाव घेतलंस ते पुस्तक मुलाखतीआधी पुन्हा वाचलेलं हवं. त्यावर प्रश्न येतातच.

ऑक्सफर्डला लेखनाचा नमुनाही पाठवावा लागतो. मुद्दाम नवा चकचकीत लेख तयार करू नकोस. शाळेच्या कामातला, शिक्षकांनी तपासलेला निबंध त्यांना हवा असतो. शेरे आणि खाडाखोड असली तरी बिघडत नाही. एका पुस्तकावर खोलात जाऊन लिहिलेला असेल तो निवड.

---

खिडकीपाशी

माझी मुलगी सध्या स्कॉटलंडमध्ये शिकतेय, म्हणून एडिंबराबद्दल दोन गोष्टी सांगते.

तिथली पदवी चार वर्षांची असते, इंग्लंडमधली बहुधा तीन. खर्चाचा आणि व्हिसाचा विचार त्या हिशेबानं करा. आणि एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज इथे कला शाखेच्या पहिल्या पदवीलाच एमए म्हणतात. नाव वाचून दचकू नका, ती पदव्युत्तर नाही. चार वर्षांचा फायदा असा की सुरुवातीची दोन वर्षं इतर विषयही घ्यावे लागतात. माझी मुलगी साहित्य म्हणून गेली आणि पहिल्या वर्षात भाषाविज्ञान घेऊन त्यातच रमली. भाषा की साहित्य हे पक्कं नसेल तर ही पद्धत तुम्हाला सोयीची पडेल. चौथी जागा ग्लासगोला देता येईल, तिथे इंग्रजी भाषा आणि भाषाविज्ञान एकीकडे, इंग्रजी साहित्य दुसरीकडे, असे स्वतंत्र विषय आहेत.

पाचवी जागा केंब्रिजला द्यायचा मोह झाला तर सांगून ठेवते, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. त्यापेक्षा तुमच्या गुणांच्या अंदाजात सहज बसेल असं एक विद्यापीठ पाचवं ठेवा. आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या बोर्डाचे किती गुण लागतात, इंग्रजी हा विषय कोणत्या पातळीला लागतो, हे त्या त्या विद्यापीठाच्या पानावर बघा. स्पष्ट नसेल तर प्रवेश कार्यालयाला सरळ ईमेल करा. आम्हाला अशा प्रत्येक ईमेलला उत्तर आलं होतं.

संदर्भपत्राचं काय केलंत? ते शिक्षकांनी भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि मुदत १५ तारखेला ब्रिटनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहाची आहे. तुमच्याकडे तेव्हा रात्र झालेली असेल आणि शिक्षकांना त्या वेळी फोन करणं बरं दिसणार नाही.

---

कागदी_होडी

संदर्भपत्राचं मनावरच घेतलं नव्हतं. आज मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाईंना विचारलं, त्या आनंदानं तयार झाल्या. त्यांनी स्टेटमेंट आधी वाचायला मागितलंय, म्हणजे दोन्हींत तेच ते येणार नाही. लेखनाचा नमुना म्हणून त्यांनीच तपासलेला एक निबंध देणार आहे. चौथी जागा ग्लासगो. पाचवीसाठी दोन विद्यापीठांना ईमेल पाठवले आहेत.

ताई, ते तीन शब्द न वापरता परिच्छेद लिहून पाहिला. नकाराचा प्रश्न घेतला. माझं म्हणणं असं आहे की म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरायची इच्छा वाचणाऱ्याला होणार हे कवीला आधीच ठाऊक आहे, म्हणून तो दार आधीच लावून घेतो. आणि सबंध वाटभर वाचणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दाखवून झाल्यावर लावतो. इंग्रजीत हे सगळं ५८० कॅरेक्टरमध्ये बसलं. दुसरं उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या एका कादंबरीतल्या निवेदकाचं घेतेय, त्याचा मसुदा रविवारी इथे टाकते.

---

समासातल्या_नोंदी

'दार आधीच लावून घेतो' हे फार चांगलं पकडलंस. या वाक्यावर मुलाखतीत नक्की विचारतील, तयार राहा : पुढच्या कवितांमध्ये ते दार कुठे किलकिलं होतं का? संग्रह अखेरपर्यंत पुन्हा वाच आणि त्याचं उत्तर शोधून ठेव. रविवारी मसुद्याची वाट बघते.